मागचा एक्सल शाफ्ट पुन्हा पुन्हा तुटतोय? नवा बसवण्याआधी तुटलेला तुकडा नीट बघा

ऑफ-रोड गाडीचा मागचा एक्सल शाफ्ट, म्हणजे एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जोर नेणारा दांडा, तुटतो. नवा बसतो, काही महिने गाडी छान चालते, आणि मग चढावर परत तोच 'फाट' आवाज. पुष्कळदा त्याच बाजूला. मग शाफ्ट हलक्या प्रतीचा होता, ड्रायव्हरने क्लच झटकन सोडला, टायर मोठे झाले अशी चर्चा होते आणि शेवटी महागातला क्रोम-मॉली (मजबूत मिश्र पोलादाचा) शाफ्ट येतो. कधी तोही जातो. कधी तो टिकतो आणि त्याच्याऐवजी क्राउन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीचे, दात जातात.

शाफ्ट एकदा तुटला तर दोष शाफ्टला देता येईल. त्याच बाजूला दुसऱ्यांदा तुटला, तर शाफ्ट ज्या नळीत बसतो ती नळी, त्याला धरणारं बेअरिंग आणि त्याच्यावर धक्का आणणारे पाटे (लीफ स्प्रिंग) आधी तपासायचे. कुठे काय बिघडलंय हे तुटलेला तुकडा बऱ्यापैकी स्पष्ट सांगतो. म्हणून तो भंगारात टाकू नका, दोन्ही तुकडे पुसून टेबलावर ठेवा.

तुटलंय नक्की काय?

इंजिन चालू, गिअर पडतो, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जोर नेणारा लांब दांडा) फिरताना दिसतो आणि गाडी जागची हलत नाही, म्हणजे दोष डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरसंच, थोडक्यात डिफ) किंवा त्याच्या पुढे चाकाकडे आहे. साध्या, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारी यंत्रणा) नसलेल्या डिफमध्ये खात्री करणं सोपं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावा, मागची दोन्ही चाकं उचला, चॅसिसखाली स्टँड द्या, हँडब्रेक सोडा, गिअर टाका. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर दोन्ही शाफ्ट शाबूत. दुसरं ढिम्म राहिलं आणि हातातलं चाक नुसतं सैल फिरत राहिलं, तर कुठला तरी शाफ्ट तुटलाय किंवा आतले गिअर गेलेत. लॉकर असेल तर गाडी एका चाकावर चालत राहते, पण जोर दिला की एका बाजूला ओढते. हे लक्षण अनेकांना कळतच नाही आणि तुटलेला तुकडा आत दिवसभर दळला जातो.

इथे एक धोका. ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर बसतो, त्यांत मागचा एक शाफ्ट तुटला की हँडब्रेक गाडी धरत नाही. ऑटोमॅटिकचं 'पार्क'ही धरत नाही, गिअरमध्ये ठेवलेली गाडीही धरत नाही, कारण डिफ मोकळा फिरतो. चढावर शाफ्ट तुटला तर ब्रेकवरचा पाय काढण्याआधी चाकांमागे दगड लागले पाहिजेत. फोर-व्हील टाकून पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी धरता येते, पण फक्त त्याच भरवशावर गाडीखाली शिरू नका.

सेमी-फ्लोटिंग की फुल-फ्लोटिंग

पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. सेमी-फ्लोटिंगमध्ये चाक थेट शाफ्टच्या फ्लँजवर बसतं. तो शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन टेपर बेअरिंगवर, एक्सलच्या नळीच्या टोकाला स्वतंत्र बसतो. वजन नळी घेते, शाफ्ट फक्त पीळ घेतो. ओळखायचं कसं? चाकाच्या मधोमध नळीसारखा पुढे आलेला हब आणि त्यावर वर्तुळात बोल्ट लावलेली टोपी दिसली तर फुल-फ्लोटिंग.

सेमी-फ्लोटिंगमध्ये आणखी दोन प्रकार. एकात शाफ्ट बाहेरच्या बाजूला बेअरिंग आणि पट्टीने धरलेला असतो. आतल्या बाजूला तुटला तरी चाक जागेवर राहतं. दुसऱ्यात शाफ्ट डिफच्या आत, शेवटच्या टोकाला, एका सी-आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. तो तुटला की चाकाला आत धरून ठेवणारं काहीच उरत नाही, आणि चाक शाफ्टसकट बाहेर सरकू लागतं. सी-क्लिप एक्सलचा शाफ्ट तुटल्यावर 'हळूहळू घरापर्यंत नेतो' असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा.

फुल-फ्लोटिंगवाल्यांचं नशीब चांगलं. टोपीचे बोल्ट काढायचे, तुकडे ओढायचे, टोपी परत लावायची म्हणजे तेल बाहेर आणि धूळ आत जाणार नाही. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर गाडी बाहेर काढता येते. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी एवढं बघा की तो ट्रान्सफर केसमध्ये सरकणाऱ्या योकने (जोडाने) बसलाय का. तसा असेल तर तो काढल्याबरोबर तिथून तेल वाहू लागेल, भोक बंद करायची सोय हवी.

तुटलेलं तोंड काय सांगतं

शाफ्ट मोडण्याचे दोन मार्ग आहेत. एका झटक्यात, किंवा रोज थोडा थोडा. दोन्हींचं तोंड वेगळं दिसतं आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पीळ देऊन एका झटक्यात तुटलेल्या चिवट पोलादाचं तोंड शाफ्टला आडवं, बऱ्यापैकी सपाट असतं आणि त्यावर गोल फिरल्याच्या खुणा दिसतात. पोलाद फार कडक असेल तर तेच तोंड ४५ अंशांत, मळसूत्रासारखं चढत जातं. खडूची कांडी दोन्ही हातांनी पिळून मोडा, हुबेहूब तसाच मोड दिसेल. दोन्ही प्रकारांत एक साक्ष बहुतेक वेळा मिळते. स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या आतल्या टोकावरचे, डिफच्या साइड गिअरमध्ये अडकणारे दाते सरळ न राहता तिरके पिळलेले असतात. दात्यांवर एक पोलादी पट्टी ठेवून बघा. दाते पट्टीला सोडून वळले असतील तर शाफ्टला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त पीळ मिळालाय. हा खरा 'कमी पडलेला' शाफ्ट. इथे जाड किंवा चांगल्या धातूचा शाफ्ट हा योग्य इलाज आहे.

हळूहळू तुटलेल्या शाफ्टच्या तोंडावर दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, कधी काळपट किंवा गंजलेला, त्यावर कडेच्या एका बिंदूपासून पसरत गेलेल्या वक्र रेषा. दुसरा खडबडीत, चकचकीत, दाणेदार. गुळगुळीत भागात तडा कित्येक दिवस चालत होता; खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटला. हा खडबडीत भाग आकाराने लहान असेल, तर शेवटी शाफ्ट अगदी थोड्या जोराने तुटला, म्हणजे त्या दिवशीच्या चढाचा काही दोष नव्हता. वक्र रेषा उलट्या मागे नेत जा. त्या जिथे एकत्र येतात तिथून तडा सुरू झाला. आता भिंगाने तीच जागा बघायची.

मी पाहिलेल्या एका शाफ्टवर त्या बिंदूवर नखाएवढा निळसर डाग आणि त्याच्या मधोमध वितळलेल्या धातूचा बारीक खळगा होता. बेअरिंग धरणारी जुनी रिंग गॅस कटरने कापताना ज्योत शाफ्टला लागली होती. सगळा शाफ्ट निरोगी, दाते सरळ, आणि तडा बरोबर त्या खळग्यातून निघालेला. छिन्नीचा एक चुकलेला घावही हेच करतो. म्हणून ती रिंग काढताना आधी तिच्यात ड्रिलने भोक पाडायचं, आरपार न जाता, आणि मग उरलेल्या पातळ भागावर छिन्नी मारायची. रिंग तडकून सुटते आणि शाफ्टला ओरखडा जात नाही. नवी रिंग प्रेसवर दाबून बसवायची. तिला वेल्डिंगचा टिपका देऊन 'पक्की' करणारे लोक तडा जायची जागा स्वतःच्या हाताने तयार करत असतात.

तडा कुठे आहे त्यावरूनही पुष्कळ कळतं:

- चाकाजवळ, बेअरिंगच्या आसपास, एका बाजूने सुरू झालेला तडा: वाकवणारा भार. बेअरिंग घासलेलं, चाकाला स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावलेला, किंवा रिमचा ऑफसेट बाहेरच्या बाजूला गेलेला.
- आतल्या बाजूला, स्प्लाइन सुरू होतात तिथे, एका बाजूने: नळी वाकलेली. याबद्दल खाली सविस्तर.
- स्प्लाइनमध्येच, पुष्कळ दात्यांच्या मुळांतून एकदम सुरू होऊन मध्यभागी भेटलेले तडे, तोंड चांदणीच्या आकाराचं: पुढे-मागे, पुढे-मागे असा उलटसुलट पीळ. पाट्यांची उडी, लॉकरचे धक्के, किंवा साइड गिअरमध्ये सैल बसलेला शाफ्ट.
- बेअरिंगच्या जागी निळा-काळा पडलेला धातू: बेअरिंग कोरडं चाललं. तेल का पोचलं नाही ते शोधा.

स्पेसरबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण त्याचं नुकसान दिसत नाही. सेमी-फ्लोटिंग शाफ्टवर चाक ३० मिमी बाहेर सरकवलं आणि त्या चाकावर ५०० किलो भार असेल, तर बेअरिंगपाशी जवळजवळ १५० न्यूटन-मीटर वाकवणारा भार वाढतो. हा गाडी उभी असतानाचा; खड्ड्यात आपटताना त्याच्या कित्येक पट. आणि शाफ्ट फिरत असल्यामुळे दर फेरीला तोच बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. चाकाचा परीघ २.४ मीटर धरला तर १,००० किलोमीटरमध्ये अशी चार लाखांवर आवर्तनं होतात. शाफ्टवर बारीकशी चीर असेल तर एवढी आवर्तनं तिला पुरतात. फुल-फ्लोटिंगमध्ये हा वाढीव भार हबच्या बेअरिंगवर जातो, शाफ्टवर नाही.

सी-क्लिपच्या पुष्कळ एक्सलमध्ये बाहेरच्या बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टच्या अंगावर फिरतात. तिथे नखाला लागेल असा चर किंवा खड्डे पडले असतील तर नुसतं बेअरिंग बदलणं व्यर्थ आहे. शाफ्टही बदलायचा.

त्याच बाजूला परत तुटला: नळी तपासा

हे काम लोक टाळतात, कारण नळी वरून सरळ दिसते. एक्सलची नळी २-३ मिमी वाकली तर डोळ्याला काहीच कळत नाही, पण शाफ्ट साइड गिअरमध्ये तिरका शिरतो आणि दर फेरीला स्प्लाइनच्या सुरुवातीला वाकतो. नवा शाफ्ट, भारीतला शाफ्ट, कुठलाही घाला, तो त्याच जागी थकणार. त्याच बाजूचं ऑइल सील वारंवार गळणं, बेअरिंग लवकर जाणं, टायर एका कडेने खाणं, शाफ्ट बसवताना हाताने बरंच वर उचलून धरल्याशिवाय दाते न जुळणं, ही याची आधीची लक्षणं.

घरच्या घरी मोजायची पद्धत अशी. नळीखाली स्टँड देऊन मागची चाकं मोकळी करा. चाक फिरवत ठेवून टायरच्या मधोमध एक खिळा पक्का टेकवा, म्हणजे पूर्ण गोलाईवर बारीक रेघ उमटेल. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ खरी राहते. दोन्ही चाकांवर रेघा झाल्या की त्यांच्यामधलं अंतर एक्सलच्या उंचीवर मागून मोजा, मग तितक्याच उंचीवर पुढून मोजा. एकसंध मागच्या एक्सलमध्ये दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी हवीत. एक-दीड मिमीपेक्षा जास्त फरक आला तर नळी पुढे किंवा मागे वाकलेली आहे. तिसरं माप टायरच्या खालच्या टोकाला घ्या आणि ते पुढच्या-मागच्या मापांच्या सरासरीशी ताडून बघा. खालचं अंतर जास्त निघालं तर नळीची टोकं वर गेलीत आणि चाकं वरून आत झुकलीत. गाडी उंचावरून आपटली की बहुतेक असंच होतं, कारण पाटे मधला भाग खाली दाबतात आणि चाकं टोकं वर ढकलतात.

कुठली बाजू वाकली हे कळायला डिफ बाहेर काढावा लागतो. यंत्रशाळेत त्यासाठी जाड, सरळ गज आणि बेअरिंगच्या जागी बसणाऱ्या चकत्या असतात. गज चारही जागांतून (नळीची दोन टोकं आणि डिफच्या दोन बेअरिंग-खोबणी) सहज सरकला तर हाउसिंग सरळ. ते नसेल तर दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या जागेत मधोमध भोक असलेल्या लाकडी चकत्या घट्ट बसवा आणि त्यांतून पातळ पोलादी तार खूप ताणून बांधा. मागचं झाकण उघडलं की ही तार डिफच्या दोन्ही बेअरिंग-खोबणींच्या बरोबर केंद्रातून जायला हवी. तार केंद्र सोडून गेली तर किती आणि कुठल्या दिशेला हे व्हर्निअरने मोजता येतं.

आणखी एक गोष्ट बघा: नळी मधल्या ओतीव भागात फिरतेय का. बऱ्याच एक्सलमध्ये नळ्या ओतीव डिफ हाउसिंगमध्ये दाबून बसवलेल्या असतात आणि भोकांतून दिलेल्या थोड्या वेल्डिंगवर धरलेल्या असतात. मोठे टायर आणि लॉकर आले की ही वेल्डिंग सुटते आणि नळी आपल्या जागी फिरू लागते. सांध्यावरचा गंज-चिखल तारेच्या ब्रशने साफ करा आणि नळीवरून ओतीव भागावर जाणारी एक सरळ रंगाची रेघ मारा. दोन-चार दिवस गाडी वापरल्यावर रेघ तुटून सरकलेली दिसली की उत्तर मिळालं.

वाकलेली नळी प्रेसवर किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने सरळ करता येते. वाकल्यामुळे जी बाजू लांबली तिच्यावर वेल्डिंगची रेघ ओढली की थंड होताना ती आकसते आणि नळीला मागे खेचते. हे सवयीच्या हाताचं काम आहे आणि दर रेघेनंतर मोजावं लागतं. हाच नियम उलटाही लागू होतो. मजबुतीसाठी नळीवर ट्रस (आधाराची चौकट) जोडताना एका बाजूने सलग वेल्डिंग केलं तर सरळ नळी वाकडी होते. पुष्कळ हाउसिंग अशी 'मजबूत' करतानाच बिघडतात. वेल्डिंग छोट्या टप्प्यांत, समोरासमोरच्या बाजूंना, मध्ये थंड होऊ देत. ओतीव भागाला जोडताना आधी तो गरम करून घ्यायचा, निकेलचा रॉड वापरायचा आणि झाकून सावकाश थंड होऊ द्यायचं.

किती पीळ येतो, शाफ्ट किती सोसतो

हा हिशोब एकदा तरी करून बघावा. समजा इंजिन २४० न्यूटन-मीटर देतं, पहिला गिअर ३.८, ट्रान्सफरचा लो २.७२ आणि डिफ ४.१. सगळा गुणाकार १०,००० च्या वर जातो. मागचा एक्सल लॉक असेल आणि एक चाक हवेत असेल तर यातला मागे येणारा सगळा पीळ एकाच शाफ्टला मिळू शकतो. तो रोज तुटत नाही याचं कारण त्याआधी टायर घसरतो. म्हणजे खरी मर्यादा टायरच्या पकडीची. चाकावरचा भार, घर्षण आणि चाकाची त्रिज्या यांचा गुणाकार.

चढावर एका मागच्या चाकावर ९०० किलो आले आणि कोरड्या खडकावर घर्षण ०.९ धरलं, तर २९ इंची टायरवर ही मर्यादा सुमारे २,९०० न्यूटन-मीटर येते आणि ३३ इंची टायरवर सुमारे ३,३००. आता शाफ्ट बघा. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनावर जाते. कडक केलेल्या पोलादाची कातरताण मर्यादा ६०० मेगापास्कल धरली तर ३० मिमीचा शाफ्ट सुमारे ३,२०० न्यूटन-मीटरला कायमचा पिळायला लागतो. ३३.३ मिमीचा ४,३५० ला आणि ३८.१ मिमीचा ६,५०० ला. आकडे ढोबळ आहेत, पण मूळ टायरवर जेमतेम पुरणारा शाफ्ट चार इंच मोठ्या टायरवर का कमी पडतो ते त्यातून दिसतं. आणि हा सगळा हिशोब टायर घसरू शकतो असं धरून आहे. तो दोन दगडांच्या फटीत अडकला की पकडीची मर्यादाच संपते. तिथे अ‍ॅक्सिलरेटर दाबणं म्हणजे शाफ्ट तोडायला बसणं. मागे घ्या, दुसरी वाट घ्या, विंच लावा.

स्थिर जोरापेक्षा धक्का वाईट. हवेत भरधाव फिरणारं जड चाक एकदम खडकावर टेकतं तेव्हा त्या चाकात साठलेली सगळी गती शाफ्टला झेलावी लागते. शाफ्ट लांब असेल तर तो थोडा पिळून धक्का मुरवतो, आखूड असेल तर कमी. डिफ एका बाजूला असलेल्या एक्सलमध्ये आखूड शाफ्ट आधी जाण्याचं हे एक कारण. चांगल्या शाफ्टचं अंग स्प्लाइनच्या मुळाच्या व्यासाइतकंच ठेवलेलं असतं तेही याचसाठी. अंग जाड आणि दाते बारीक अशा शाफ्टमध्ये सगळा पीळ दात्यांच्या सुरुवातीला गोळा होतो. 'जाड दिसतोय' म्हणून शाफ्ट घेऊ नका.

पाट्यांवर बसलेल्या एक्सलमध्ये आणखी एक रोग असतो. जोर दिला की डिफचं तोंड वर उचलतं, पाटे इंग्रजी एस-सारखे वळतात, टायर सुटतो, एक्सल झटक्यात मागे येतो, टायर परत धरतो. गाडी मागून टपाटप उड्या मारते. उडी सुरू झाली की लगेच पाय काढा; या उड्यांतला प्रत्येक धक्का शाफ्टच्या दात्यांवर जातो. इलाज: यू-बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळलेले आहेत का, पाट्यांचे बुश, मधला बोल्ट आणि शॉक तपासा. तरीही उडी राहिली तर एक्सलचं फिरणं रोखणारा बार लावा. त्याचं चॅसिसकडचं टोक शॅकलवर (झुलत्या कडीवर) हलतं हवं, नाहीतर पाट्यांचं वर-खाली होणंच अडेल.

आत अडकलेला तुकडा

मोठा तुकडा हातात येतो, बोटभर तुकडा साइड गिअरमध्ये राहतो. साध्या डिफमध्ये झाकण उघडून मधली पिन काढली की दुसऱ्या बाजूने लांब गज घालून तो ठोकता येतो. सी-क्लिप असेल तर तुकडा आधी आत ढकला, क्लिप काढा, मग बाहेर. लॉकरमध्ये मध्ये आडवा भाग असला तर डिफ बाहेर काढण्याला पर्याय नाही. दाते पिळलेले असतील तर तुकडा सहज येत नाही. तेव्हा साइड गिअरचे दातेही तपासा. झिजलेल्या गिअरमध्ये नवा शाफ्ट सैल बसतो आणि दर झटक्याला आपटतो.

तुकडे मिळाले की टेबलावर जोडून बघा. कोपरा कमी असेल तर तो आत आहे. कडक पोलादाचा तांदळाएवढा कणही बेअरिंग आणि क्राउनचे दात खराब करायला पुरतो. चुंबक फिरवा, नळ्यांतून तारेला बांधलेलं फडकं दोन्ही बाजूंनी ओढून काढा, हाउसिंग धुवा. हे काम घाईत उरकलं की पुढच्या महिन्यात डिफ घरघरू लागतो आणि त्याचा दोष नव्या शाफ्टला दिला जातो.

अपग्रेड करायचंच असेल तर

दाते पिळलेले होते, नळी सरळ आहे, पाटे ठीक आहेत आणि टायर मोठे ठेवायचेच आहेत, तर अपग्रेड योग्य. पहिली पायरी त्याच मापाचा ४३४० जातीच्या क्रोम-मॉली पोलादाचा शाफ्ट. मूळ शाफ्ट साधारण मध्यम कार्बनच्या पोलादाचे, वरून कडक केलेले असतात. दुसरी पायरी जास्त स्प्लाइनचा जाड शाफ्ट, पण त्यासोबत साइड गिअर किंवा लॉकरही त्याच स्प्लाइनचा लागतो. तिसरी पायरी आख्खा एक्सल बदलणं.

जीपवाल्यांना हे गणित पाठ आहे. जीपच्या वायजे, टीजे आणि एक्सजे मॉडेलांमध्ये आलेल्या डाना ३५ एक्सलचा शाफ्ट २७ स्प्लाइनचा, १.१८ इंची आणि बहुतेक सी-क्लिपचा. डाना ४४ चा ३० स्प्लाइन आणि १.३१ इंच, तेवढ्या फरकाने ताकद सव्वा पटीच्या वर जाते. फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल टीजेखाली घालतात, कारण ३१ स्प्लाइन मिळतात आणि चाकाचे पाच बोल्ट ११४.३ मिमीच्या त्याच वर्तुळावर बसतात. तोही सी-क्लिपचाच, हे विसरू नका. डाना ६० चे फुल-फ्लोटिंग अवतार ३५ स्प्लाइन आणि दीड इंचापर्यंत मिळतात, पण वजन वाढतं आणि डिफचा भोपळा जमिनीजवळ येतो.

माझं मत विचाराल तर खडकांत जाणाऱ्या गाडीला जाड सेमी-फ्लोटिंगपेक्षा मध्यम फुल-फ्लोटिंग एक्सल बरा. जुन्या लँड रोव्हरचे १० स्प्लाइनचे हाफ शाफ्ट तुटण्यासाठी प्रसिद्ध होते, तरी ते लोक दोन शाफ्ट सोबत ठेवून रानात जात. एक्सल फुल-फ्लोटिंग असल्याने चाक न काढता शाफ्ट बदलता येई. साखळीत काहीतरी तुटणारच असेल तर ते बदलायला सर्वांत सोपं असलेलं तुटू द्या. शाफ्ट अतिशय दणकट केला की पुढचा नंबर क्राउन-पिनियनचा लागतो, आणि ते रानात बदलता येत नाही.

बसवताना आणि नंतर

नव्या शाफ्टची लांबी आणि दात्यांची संख्या जुन्याशी ताडून बघा. दाते गिअरच्या पूर्ण लांबीत शिरले पाहिजेत. शाफ्ट आखूड पडला तर टोकाचे थोडेच दाते भार घेतात. बेअरिंगचा शाफ्ट असेल तर आधी पट्टी, मग सील, मग बेअरिंग, मग रिंग हा क्रम पाळा. पट्टी विसरली तर दाबलेलं सगळं परत काढावं लागतं. डिफच्या मधल्या पिनचा लॉक बोल्ट नवाच वापरा आणि थ्रेड लॉक लावा. सील नवं, तेल जीएल-५ दर्जाचं, लिमिटेड स्लिप (चाकाचं घसरणं मर्यादित ठेवणारा डिफ) असेल तर त्याचा मिश्रक घालून.

ब्रीदरही, म्हणजे एक्सलमधली हवा आत-बाहेर जायची वाट, बघा. तो चिखलाने बंद असेल तर तापलेला एक्सल पाण्यात शिरल्यावर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, शाफ्टवर गंजाचे खड्डे पडतात आणि तडा त्या खड्ड्यांतून निघतो. ब्रीदरची नळी वर, इंजिनच्या कप्प्यापर्यंत नेऊन ठेवा.

शाफ्ट आत घालण्याआधी त्याच्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत एक सरळ रंगाची रेघ मारा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर तेल बदलताना, किंवा एखाद्या अवघड वाटेनंतर, शाफ्ट बाहेर काढून ती रेघ बघा. सरळ असेल तर पुसून परत घाला. रेघ अंगावर गोल चढत गेलेली दिसली तर शाफ्ट कायमचा पिळलाय, अजून तुटलेला नाही एवढंच. तो तेव्हाच बदला, आणि यू-बोल्ट परत आवळून टायरवरच्या रेघांची तिन्ही मापं पुन्हा घ्या.